सोमवारी कोण आलं होतं

मास्तरांचं उभं आयुष्य गाडीत गेलं, पण बाजूच्या सीटवर. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. एकच छोटी गाडी, टपावर पाटी, आणि मास्तरांच्या पायाशी जास्तीचा एक ब्रेक आणि क्लच. घाबरट, उतावळे, चढावर गाडी मागे जाऊ लागली की डोळे मिटून घेणारे, अशा कितीतरी लोकांना त्यांनी हाताला धरून रस्त्यावर आणलं. ओरडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "आता काय करायचं होतं आपण?" एवढंच विचारायचे, आणि समोरच्याला आपली चूक आपोआप कळायची.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी स्कूल आपल्या मदतनीस बाईंच्या हाती दिली, जुनी गाडी तेवढी स्वतःकडे ठेवली आणि घरी बसले. बसले म्हणजे काय, दिवसातून चारदा खिडकीशी जायचे आणि जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. एका गाडीवर त्यांचा फार जीव होता. मोठी, जड, आवाज म्हणाल तर जवळजवळ नाहीच, आणि दार लावलं की उशीवर हात ठेवावा तसा आवाज. श्रीमंतांची गाडी. बायकोकडे हा विषय काढायलाच त्यांनी बरेच दिवस घेतले. ती बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. दोन आयुष्यं पै-पै जोडण्यात गेलेली. ती नाहीच म्हणेल अशी मास्तरांची खात्री होती. तिने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "मग एवढे दिवस का गप्प होतात?"

दोघं शोरूममध्ये गेली. काचेच्या भिंती, आरशासारखी फरशी, आणि प्रत्येक गाडीवर वरून दिवा सोडलेला. बराच वेळ त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही. टेबलांमागची माणसं वर बघायची, हसायची आणि पुन्हा खाली बघायची. मास्तरांच्या बायकोने एका गाडीचं दार उघडलं तेव्हा कुठे एक तरुण धावत आला. गळ्यात निळा टाय, टायला पिन. घरी येईपर्यंत त्याचं नाव टायवाला पडलेलं होतं. पण वागायला तो वाईट नव्हता. त्याने गाडी चालवायला दिली. मास्तरांनी बाहेरच्या रस्त्यावर एक चक्कर मारली, आणि परत आल्यावरही स्टिअरिंगवरचे हात काढेनात. मग त्याने रंगांचे तुकडे काढले, दोन बोटांएवढे पत्रे. मास्तरांनी गडद हिरवा उचलला, खिडकीपाशी नेला, उन्हात धरला. बायको म्हणाली, हाच. बुकिंग झालं. कागदावर गाडीचा एक लांबलचक नंबर होता, त्यात आकडे आणि अक्षरं मिसळलेली. त्यातून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. टायवाल्याने हस्तांदोलन केलं आणि महिन्याभरात गाडी येईल म्हणून सांगितलं.

महिना होत आला तसा एक फोन आला. एका बाईंचा आवाज होता, मधात घोळलेला. त्या म्हणाल्या की सरांच्या विनंतीप्रमाणे रंग बदलला आहे, आता गाडी चंदेरी येईल, कळवण्यासाठी फोन केला. मास्तर म्हणाले, मी अशी काही विनंती केली नाही. बटणं दाबल्याचा आवाज आला.

"सर, इथे दिसतंय. सोमवारी ग्राहकाने स्वतः येऊन सांगितलं."

"स्वतः म्हणजे मी?"

"हो सर, तुम्हीच. दुपारी."

मास्तरांनी फोन ठेवला आणि तसेच उभे राहिले. कारण सोमवारी दुपारी ते खरोखर त्या रस्त्यावर गेले होते. चष्म्याचं दुकान त्याच रांगेत होतं. चष्म्याची काडी बसवून घेतल्यावर ते मुद्दाम शोरूमवरून आले होते, काचेपाशी थांबून आतली गाडी बघितली होती. हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. काचेपाशी थांबलो. पुढे? पुढे घरी आलो. मधे काही झालं होतं का?

त्यांनी बायकोला सांगितलं नाही. आधी आपलं आपण बघू म्हणून दुसऱ्या दिवशी एकटेच शोरूमला गेले. टायवाला कुठे आहे म्हणून विचारलं तर कळलं, तो नोकरी सोडून गेला. मग एका मॅडमकडे जा म्हणून सांगितलं. मॅडम कालच्या फोनवरच्याच निघाल्या. तरुण होत्या, चेहरा दमलेला, पण बोलणं असं की रागवायला जागाच मिळू नये. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, स्क्रीनवर बोट फिरवलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मास्तर म्हणाले, रंग हिरवा ठरला होता, माझी बायको बरोबर होती. मॅडमनी मान हलवली. हिरवा आधी होता, बरोबर आहे, म्हणाल्या. सोमवारी तुम्ही बदललात.

"मला आठवत नाही," मास्तर म्हणाले.

मॅडम हसल्या. टिंगल म्हणून नव्हे, अगदी मायेने. "सर, होतं असं कधीकधी. माझ्या बाबांचंही होतं."

भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. मास्तर आभार मानून उठले, बाहेर आले, आणि आपली छोटी गाडी कुठे लावली होती ते त्यांना पटकन सुचेना. गाडी समोरच होती.

त्यांच्या थोरल्या भावाचं, दादाचं असंच सुरू झालं होतं. आधी चावी, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी दादा वहिनीला "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" असं अदबीने विचारायचा, आणि वहिनी आत जाऊन रडायची. मास्तर तेव्हा रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी जाऊन बसायचे. दादाला आपण विसरतोय हे कळतच नव्हतं, ही त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट होती. मग मला तरी कसं कळणार?

ते स्वतःची परीक्षा घेऊ लागले. जुन्या शिकाऊ मंडळींची नावं घोकायचे, कोण कुठल्या वळणावर चुकायचं ते आठवायचे. सगळं आठवायचं. पण दादालाही जुनं सगळं आठवायचं, अडायचं ते कालचंच. मग ते कालचं आठवू लागले. जेवणात काय होतं, दार कुणी लावलं, पेपरात पहिल्या पानावर काय होतं. गॅस बंद आहे ना म्हणून दोनदा उठायचे. बायको विचारायची, काय झालंय? ते म्हणायचे, काही नाही, गुडघा.

हे असं चाललेलं असताना पुन्हा फोन आला. या वेळी दुसराच कुणी, घाईत बोलणारा. त्याने नव्या गाडीबद्दल अभिनंदन केलं आणि विचारलं, गाडी ताब्यात देतानाची आमची सेवा कशी वाटली, एक ते दहामध्ये किती गुण द्याल?

मास्तरांनी फोन कानाला लावूनच खिडकी उघडली आणि खाली बघितलं. खाली त्यांची जुनी छोटी गाडी उभी होती, टपावरची पाटी काढल्यावर राहिलेल्या दोन भोकांसह. दुसरी कुठलीही गाडी नव्हती. रस्त्याच्या त्या टोकापर्यंत नव्हती.

"गाडी मला मिळाली का?" त्यांनी विचारलं.

"हो सर, आमच्याकडे तशी नोंद आहे. किती गुण देऊ?"

नाही म्हणावं तर पुन्हा ते मायेचं हसणं ऐकावं लागलं असतं. "नऊ," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी चपला घातल्या, खाली उतरले, इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूलाही बघून आले. शेजारच्यांनी विचारलं, काय शोधताय? ते म्हणाले, मांजर.

तिथून ते तडक शोरूममध्ये गेले. मॅडमनी कपाळावर हात मारला. गाडी दिलेली नाही, महिना संपत आला की वरचे लोक आकडे भरून टाकतात, तुम्ही मनावर घेऊ नका, गाडी आली आहे, चला दाखवते. मागच्या आवारात कापड घातलेली एक गाडी उभी होती. कापड निघालं. चंदेरी. चाकं उंच, आसनं रबरासारख्या कशाची तरी, आणि मागे खाली एक जाडजूड लोखंडी हूक.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"ट्रेलर ओढायचा हूक, सर. तुम्हीच मुद्दाम सांगितलं होतंत. घोड्यासाठी."

मास्तर हुकाकडे बघत राहिले. जन्मात त्यांनी घोड्याला हात लावलेला नव्हता. आणि तरीही, हे त्यांना पुढे कित्येक दिवस कुणाला सांगायची लाज वाटली, तिथे उभं राहून त्यांनी एक क्षणभर मनाशी खरोखर विचार केला, की आपल्याकडे कुठे घोडा तर नाही ना.

घरी आले तेव्हा बायको भाजी चिरत होती. ते तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसले.

"अगं, मी तुझ्याकडे कधी घोड्याबद्दल काही बोललो होतो का?"

सुरी थांबली. बायकोने त्यांच्याकडे बघितलं, सुरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून सांगा."

त्यांनी सांगितलं. सोमवार, चंदेरी, दादा, नऊ गुण, सगळं. बायको म्हणाली, हिरवाच ठरला होता, मी तिथे होते, तुम्ही तो पत्रा उन्हात धरला होतात. ते म्हणाले, पण सोमवारी तू नव्हतीस. आणि मग जे त्यांना सगळ्यात जड जात होतं ते बाहेर आलं.

"आता तर मला आठवायलाही लागलंय. मी दार ढकलून आत गेलो, तिथल्या माणसाला म्हटलं चंदेरी करा. माझ्या हातात तो चंदेरी तुकडा होता. गार होता. मला दिसतंय गं ते."

बायकोने आयुष्यभर वेदनेतल्या बायकांना धीर दिला होता, चेहरा कसा ठेवायचा ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण मास्तरांनी तो चेहरा जवळून बघितला आणि त्यांना दिसलं, तिलाही आता खात्री उरली नव्हती. तिने उठून डॉक्टरांची वेळ घेतली. मग म्हणाली, उद्या सकाळी मी तुमच्याबरोबर त्या दुकानात येते.

सकाळी शोरूममध्ये शिरल्या शिरल्या त्यांना एक चढलेला आवाज ऐकू आला. मॅडमच्या टेबलासमोर एक उंच बाई उभ्या होत्या. पायात गुडघ्यापर्यंत बूट, केस मागे घट्ट बांधलेले, बाहीवर वाळलेल्या चिखलाचे डाग. त्या म्हणत होत्या की या हिरव्या गाडीत घोड्याची औषधं टाकली तर आसनं तासाभरात वाया जातील, आणि ट्रेलर काय मी हाताने ओढू का. मॅडम त्यांना त्याच मायेने समजावत होत्या की सिस्टिममध्ये हिरवाच दिसतोय, कदाचित तुमच्या लक्षात नसेल.

"माझ्या लक्षात नसेल?" बाई म्हणाल्या. "मी घोड्यांची डॉक्टर आहे. सोमवारी मी स्वतः इथे आले, या पायांनी, आणि रंग चंदेरी करा म्हणून सांगून गेले. लक्षात कुणाच्या नाही ते बघा."

मास्तरांच्या बायकोने त्यांचा दंड इतका जोरात धरला की पुढे दोन दिवस तिथे निळं होतं. मास्तर मात्र जागेवरून हलेनात. ऐकलेलं डोक्यापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. मग ते पुढे गेले आणि अगदी हळू विचारलं, "बाई, सोमवारी दुपारी का?"

त्यानंतर सगळं भराभर उलगडलं. दोघांनी एकाच दिवशी, एकाच टायवाल्याकडे, एकाच तऱ्हेची हिरवी गाडी सांगितली होती. कुठेतरी एकाचं दुसऱ्याच्या नावावर गेलं. टायवाला निघून गेला, आणि पुढे ज्याच्या हाती प्रकरण आलं त्याने स्क्रीनवर दिसेल तेच खरं धरलं. सोमवारी ग्राहक स्वतः आला होता हे खरंच होतं. फक्त तो ग्राहक मास्तर नव्हते. मास्तर काचेबाहेर उभे होते, आणि आत या उंच बाई बोलत असणार. कदाचित मास्तरांनी त्यांची पाठ बघितलीही असेल.

"तुम्हाला एकदाही वाटलं नाही," मास्तरांनी बाईंना विचारलं, "की आपणच विसरलो असू?"

बाईंना प्रश्न कळला नाही. "मी कशी विसरेन?" त्या म्हणाल्या.

मॅनेजर बाहेर आले. ऐकून घेतलं आणि हसले, जणू कुणी गमतीची गोष्ट सांगितली. शेवट गोड तर सगळंच गोड अशा थाटात त्यांनी दोघांनाही बसायला सांगितलं, कॉफी मागवली, पहिली काही वर्षं देखभाल आमच्याकडून म्हणाले, वर गाडी धुवायच्या सामानाची एक पेटी देऊ केली. घोड्यांच्या डॉक्टरांनी पेटी घेतली, चंदेरी गाडीची चावी घेतली आणि त्या कामावर निघून गेल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मास्तर बसलेच होते. त्यांनी पेटीला हात लावला नाही.

"मला एवढंच सांगा," ते म्हणाले. "सोमवारी मी इथे आलो होतो का?"

"सर, आता तो प्रश्नच राहिला नाही," मॅनेजर म्हणाले. "तुमची हिरवी गाडी मागे तयार उभी आहे."

"माझा तोच प्रश्न आहे."

मॅनेजरांनी काहीतरी सिस्टिमबद्दल सांगायला सुरुवात केली. मास्तरांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं आणि मग शिकाऊ माणसाला विचारायचे त्याच आवाजात पुन्हा विचारलं. मॅनेजर घड्याळाकडे बघून उठले, एक फोन आहे म्हणाले आणि आत गेले. ते परत आले नाहीत.

मॅडम टेबलापाशीच होत्या. त्यांचे डोळे खाली होते. मास्तरांची बायको त्यांच्याकडे एकटक बघत होती. मॅडम म्हणाल्या, "नव्हता आलात, सर. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. कोण आलं, कोण नाही, मला काहीच माहीत नव्हतं. समोर दिसलं ते वाचून दाखवलं." मग थांबून म्हणाल्या, "तुमच्यासारखं कुणी म्हणालं ना, मला आठवत नाही, की आमचं काम सोपं होतं."

मास्तरांनी मान हलवली. ते रागावले नाहीत, याचं बायकोला नवल वाटलं. तिला स्वतःला ती पेटी कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, नको आपल्याला यांची गाडी. मास्तर म्हणाले, बघू. त्यांना त्या क्षणी गाडीचं काहीच सुचत नव्हतं.

डॉक्टरांची वेळ त्यांनी मोडली नाही. डॉक्टरांनी त्यांच्याकडून घड्याळाचं चित्र काढून घेतलं, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं वयाला साजेसं आहे, उलट चांगलं आहे, असं म्हणाले. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. मास्तरांनी मात्र उठता उठता विचारलं, मग मला मी आत जाताना का दिसतो? डॉक्टर म्हणाले, कुणी खात्रीने सांगितलं, आणि आपण पुन्हा पुन्हा मनात घोळवलं, की मन चित्र काढून देतं. त्यात आजार काही नाही. जाईल हळूहळू. मास्तरांनी आभार मानले. जिन्यात ते बायकोला म्हणाले, तुकडा गार लागला होता, तेसुद्धा मनानेच? ती म्हणाली, असेल. तिला तरी काय ठाऊक.

पुढचे काही दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. मग एका सकाळी मास्तर म्हणाले, गाडीचा त्यात काय दोष? बायकोने खांदे उडवले. दोघं गेली आणि हिरवी गाडी घेऊन आली. मॅडमनी स्वतः कापड काढलं. फुलांचा गुच्छ वगैरे काही आणलेलं नव्हतं, आणि ते मास्तरांना बरं वाटलं. रस्त्यावर आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली, खाली उतरले, पुढून मागून बघितली. पुन्हा बसले आणि सरळ लेकीकडे निघाले. तिचं घर अर्ध्या दिवसाच्या अंतरावर होतं.

लेकीकडे बायकोने सगळा किस्सा रंगवून सांगितला. घोड्यापाशी आल्यावर लेक हसून हसून पोट धरून बसली, जावयाच्या डोळ्यात पाणी आलं. मास्तरही हसले. शेजाऱ्याला मांजर सांगितलं होतं ते त्यांनी स्वतःहून मधे घातलं, त्यावर पुन्हा सगळे हसले. हसणं ओसरल्यावर जावई म्हणाला, "पण बाबा, तुम्हाला पक्कं माहीत होतं. मग त्यांनी म्हटलं आणि तुम्हाला पटलं कसं?"

मास्तरांना दादाबद्दल बोलावं असं एकदा वाटलं, पण तेवढंच कारण नव्हतं. ते त्या दिवशीची खुर्ची, पाण्याचा ग्लास, मॅडमचं ते हसणं आठवत राहिले.

"ती फार प्रेमाने बोलत होती रे," ते शेवटी म्हणाले.

जावयाने समजल्यासारखी मान हलवली. त्याला समजलं नव्हतं, हे मास्तरांना दिसलं. त्यांना स्वतःलाही कुठे पुरतं समजलं होतं? लेक म्हणाली, चला, उजेड आहे तोवर एक चक्कर मारून आणा आम्हाला. सगळे चपला शोधायला उठले.